शेखाडीपासून गुरुग्रामपर्यंत

दिवेआगरहून श्रीवर्धनला समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता आता पर्यटकांच्या फोटोंमुळे प्रसिद्ध झाला आहे. त्या रस्त्यावर शेखाडी लागते. १९९३च्या फेब्रुवारीत, ३ आणि ७ तारखेला, या किनाऱ्यावर माल उतरला. आरडीएक्स, एके-५६ रायफली, हातबॉम्ब. त्याच्या महिनाभर आधी, ९ जानेवारीला, जवळच्या दिघीला शस्त्रांची एक खेप उतरून गेली होती. १२ मार्चच्या दुपारी मुंबईत एकामागून एक बारा स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. मग सगळा देश विचारू लागला की एवढा दारूगोळा समुद्रातून आला आणि कुणाला दिसला कसा नाही?

प्रश्न चुकीचा होता. दिसला होता.

चोरटा माल किनाऱ्यावर उतरणे कोकणाला नवे नव्हते. १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यापासून तो १९९०मध्ये रद्द होईपर्यंत दुबईहून सोने यायचे, इकडून चांदी जायची. गावोगावी लँडिंग करून देणारी माणसे तयार झाली होती. कुठल्या खाडीत भरतीला होडी आत शिरते, कुठला रस्ता रात्री मोकळा असतो, कुठल्या साहेबाचा हप्ता किती, हे सारे त्यांना पाठ. शस्त्रे आली ती याच वाटेने, याच माणसांच्या खांद्यावरून. दिघीहून निघालेल्या गाड्या पोलिसांनी वाटेत गोंडघर फाट्याजवळ अडवल्याही होत्या. तिथे सौदा झाला. तेवढी रोकड हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या पुढे सुटल्या. पुढे टाडा न्यायालयात न्यायमूर्ती प्र. द. कोदे यांच्यासमोर हे प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि कस्टमचे अधिकारी व पोलीस दोषी ठरले. खोक्यांत नेमके काय आहे याची त्यांतल्या प्रत्येकाला कल्पना होती की नाही, हा वाद वेगळा. गाडी जाते आहे हे मात्र त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते.

हे आधी सांगायचे कारण असे, की त्यानंतरची तीस वर्षे सरकारने किनाऱ्यावर जे उभारले ते मुख्यतः 'दिसण्याचे' साहित्य होते. बोटी, रडार, कॅमेरे, ट्रान्सपाँडर, उपग्रह. कशासाठी आणि कुठल्या क्रमाने हे आले, त्याची गोष्ट मोठी मजेशीर आहे. प्रत्येक वेळी आधी कुणीतरी किनाऱ्यावर उतरले, आणि मग यंत्र आले.

तटरक्षक दलाचा जन्मही तस्करीतूनच झाला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी बी. डी. नागचौधुरी समितीने आणि मग के. एफ. रुस्तमजी समितीने सांगितले, की समुद्रातल्या चोरट्या व्यापाराशी लढायला वेगळे दल हवे. युद्धनौकांनी सोन्याच्या होड्यांमागे धावत बसू नये. रुस्तमजी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. नौदलाने दिलेल्या दोन जुन्या लढाऊ जहाजांवर आणि पाच गस्तीनौकांवर १ फेब्रुवारी १९७७ला दलाचे काम सुरू झाले, आणि १८ ऑगस्ट १९७८ला कायद्याने ते अस्तित्वात आले. साडेसात हजार किलोमीटरच्या किनाऱ्याला सात जहाजे. दल आले, तरीही जमिनीवरच्या सरहद्दीकडे जसे लक्ष गेले तसे समुद्राकडे गेले नाही. शत्रू येणार तो पंजाबातून किंवा काश्मीरमधून, हे गृहीत इतके पक्के होते की अरबी समुद्र म्हणजे मासे आणि तस्करी एवढाच हिशेब उरला.

मुंबईतल्या स्फोटांनंतर १९९३मध्येच ऑपरेशन स्वान सुरू झाले. महाराष्ट्र आणि गुजरातच्या समुद्रावर तीन पदर उभे करायचे. बाहेर नौदलाची टेहळणी विमाने, मधे नौदल-तटरक्षक दलाची जहाजे आणि अगदी आत, किनाऱ्याच्या पाण्यात, भाड्याने घेतलेले मासेमारी ट्रॉलर. या ट्रॉलरवर नौसैनिक, पोलीस आणि कस्टमची माणसे एकत्र बसून गस्त घालायची. कागदावर हा आतला पदर सर्वांत महत्त्वाचा आणि प्रत्यक्षात सर्वांत विरळ. भाड्याच्या संथ बोटीवरून, समुद्राची सवय नसलेल्या शिपायाला घेऊन, वेगाने पळणारी होडी पकडायची म्हणजे नशिबाचीच साथ हवी.

कारगिलनंतर पुन्हा विचार झाला. के. सुब्रह्मण्यम समितीच्या अहवालापाठोपाठ सरकारने चार कृती दले नेमली. त्यांतल्या सीमा व्यवस्थापनाच्या दलाचे प्रमुख होते माधव गोडबोले. मुंबईत स्फोट झाले तेव्हा केंद्रीय गृहसचिव तेच होते, आणि त्याच मार्च महिन्यात त्यांनी नोकरी सोडली होती. त्यांच्यापेक्षा अधिक जवळून ही गोष्ट कुणी पाहिली असेल? किनाऱ्याची सुरक्षा हा दुर्लक्षित विषय आहे, राज्यांनी समुद्रासाठी खास पोलीस उभे करावेत, हा विचार २००१च्या मंत्रिगटाच्या अहवालात उतरला.

इथून सरकारी गतीने प्रवास सुरू होतो. अहवाल २००१चा, योजना मंजूर झाली २००५मध्ये. ७३ सागरी पोलीस ठाणी, ९७ तपासणी नाके, २०४ बोटी. बोटींचे काम कोलकात्याच्या गार्डन रीच आणि गोव्याच्या गोवा शिपयार्डला मिळाले. या बोटी बांधून निघू लागल्या आणि राज्यांच्या हाती पडू लागल्या त्या एप्रिल २००९पासून.

आणि तोवर मुंबईवरच्या हल्ल्याचा २६ नोव्हेंबर २००८ येऊन गेला होता. बोटींच्या खरेदीतला तो उशीर कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. केंद्र पैसे देणार, राज्य ठाणी बांधणार, पोलीस भरती वेगळ्या खात्याची, डिझेलचा खर्च कुणाचा यावर पत्रव्यवहार. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सगळे आपापल्या फायलीवर रीतसर सही करत होते.

कराचीहून निघालेल्या दहा जणांनी 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट भर समुद्रात काबीज केली. खलाशांना ठार केले, तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, मात्र मुंबईच्या वेशीपर्यंत बोट आणायला जिवंत ठेवले आणि मग त्यालाही मारले. कुबेर निवडण्यात सगळे डोके होते. गुजरातचा क्रमांक असलेली भारतीय बोट भारतीय पाण्यात चाललेली असताना तिला हटकणार कोण, आणि का? समुद्रावर तशा शेकडो असतात. नेमके कुठे उतरायचे हे त्यांच्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने आधीच फिरून, होड्यांतून फेऱ्या मारून, जीपीएसच्या यंत्रात टिपून ठेवले होते. हल्लेखोरांकडे जीपीएस होते, कुबेरवर उपग्रह फोन सापडला आणि शहरात घुसल्यावर त्यांचे पाकिस्तानातले सूत्रधार इंटरनेटवरून केलेल्या कॉलमधून क्षणोक्षणी सूचना देत राहिले. दुकानात मिळणारे हे साहित्य. आपल्या पोलिसांच्या हातात तेव्हा काय होते, ते त्या रात्रीच्या छायाचित्रांत दिसते.

रबरी होडीतून ते कफ परेडच्या बधवार पार्कला, मच्छीमार नगरात उतरले. रात्रीचे नऊही वाजले नव्हते. कोळीवाड्यातली माणसे बाहेर होती. पाठीवर जड पिशव्या घेतलेली अनोळखी तरुण पोरे पाहून त्यांनी विचारलेही, कोण, कुठले, इथे काय काम? उद्धट उत्तर मिळाले आणि पोरे रस्त्याकडे चालू लागली. म्हणजे पुन्हा तेच, की पाहणाऱ्यांनी पाहिले होते. १९९३ला पाहिलेले विकले गेले. २००८ला पाहिलेले कुणाला आणि कसे सांगायचे, सांगितल्यावर पुढच्या काही मिनिटांत कोण धावून येणार, याची काही सोयच नव्हती. १६६ माणसे मारली गेली.

मग मात्र दिल्ली हलली. डिसेंबरातच राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला. फेब्रुवारी २००९मध्ये ठरले की किनाऱ्यासह सगळ्या सागरी सुरक्षेची अंतिम जबाबदारी नौदलाची, आणि सागरी पोलिसांच्या हद्दीसह प्रादेशिक समुद्राची तटरक्षक दलाची. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअरला संयुक्त कार्य केंद्रे आली. नौदलाने सागर प्रहरी दल उभारले. त्याआधी एखादी होडी बारा मैलांच्या आत संशयास्पद दिसली तर ती कुणाची, पोलिसांची की कस्टमची की तटरक्षकांची, यावर आधी फोनाफोनी चालायची. माझ्या मते २६/११नंतरच्या सगळ्या खर्चात हा एक कागदी निर्णय सर्वांत मोलाचा होता, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च आला नाही.

खर्च आला तो रडारांना. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी रडार बसवायचे ठरले, मुख्य किनाऱ्यावर ३६, लक्षद्वीपमध्ये ६ आणि अंदमान-निकोबारमध्ये ४. भारत इलेक्ट्रॉनिक्सने ही साखळी उभारली. जागा शोधायची गरज फारशी पडली नाही, कारण समुद्राकडे तोंड करून उंचावर उभी असलेली दीपगृहे आयतीच होती. इतकी वर्षे जहाजांना स्वतःची जागा दाखवणारी दीपगृहे आता जहाजांची जागा टिपू लागली. रडारसोबत दिवसा-रात्री पाहणारे कॅमेरे, हवामानाची उपकरणे आणि जहाजांची ओळख टिपणारे एआयएसचे रिसीव्हर बसले.

या यंत्रांना काय जमते आणि काय नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. रडार लहरी सोडते आणि परतून येणारा प्रतिध्वनी टिपते. पोलादाचे मोठे जहाज भरभरून उत्तर देते. लाकडाची किंवा फायबरची, पाण्याशी जवळजवळ सपाट असलेली होडी फारच क्षीण उत्तर देते, आणि समुद्र खवळला असेल तर लाटाच इतक्या बडबडतात की त्यात ती होडी हरवून जाते. बरे, ठिपका दिसला तरी तो कुणाचा हे रडारला ठाऊक नसते. हंगामात वर्सोव्याच्या किंवा हर्णेच्या समोर पडद्यावर ठिपकेच ठिपके. त्यातला एक कुबेर आहे हे कसे ओळखणार?

त्यासाठी एआयएस. जहाजावरचे हे यंत्र दर काही सेकंदांनी व्हीएचएफ लहरींवर आपले नाव, ओळख क्रमांक, ठिकाण, वेग आणि दिशा सांगत राहते. मुळात ते जहाजांची टक्कर टाळायला निघाले. ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना २००४ संपेपर्यंत ते सक्तीचे झाले, आणि आपल्याकडे २० मीटरहून लांब बोटींनाही लागू झाले. पण एआयएस म्हणजे जहाजाने आपणहून दिलेली जबानी. द्यायची नसेल तर बटण बंद करता येते. शिवाय आपल्या बहुतेक मासेमारी बोटी २० मीटरहून लहान. दहशतवादी ज्या आकाराच्या बोटीतून आले, नेमका तोच आकार यंत्राच्या कक्षेबाहेर राहिला.

आता मोठ्या जहाजांचे पाहा. ती तरी दिसायला हवीत. ११ जून २०११ला 'विस्डम' नावाचे रिकामे मालवाहू जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतले. अलंगला भंगारात काढायला ओढून नेत असताना त्याचा दोर तुटला होता. लोक सहकुटुंब बघायला गेले, भेळवाल्यांचा धंदा झाला. तो विषय हसण्यावारी नेता आला, कारण ते सुटले आहे हे निदान माहीत होते. ३१ जुलैला 'पवित' आले तेव्हा हसू ओसरले. ओमानच्या समुद्रात बिघडून खलाशांनी सोडून दिलेले हे हजार टनांचे तेलवाहू जहाज साधारण महिनाभर माणसाविना वाहत राहिले आणि देशातल्या सर्वांत जास्त पहारा असलेल्या शहराच्या चौपाटीवर आपसूक लागले. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, तिघांपैकी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

दोन्ही जहाजे जून-जुलैत आली, याकडे तेव्हाच्या चर्चेत फारसे कुणी पाहिले नाही. मासेमारी थांबण्याचे पावसाळी दिवस होते ते. कोळ्यांच्या बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, समुद्र रिकामा. एरवी पाण्यावर फिरणारे हजारो डोळे त्या दोन महिन्यांत घरी असतात, आणि सागरी पोलिसांच्या छोट्या बोटींनाही त्या लाटांत बाहेर पडवत नाही. माझा तर्क असा, की पवित नोव्हेंबरात वाहत आले असते तर कुठल्या तरी तांडेलाने वायरलेसवर आरडाओरडा केला असता.

सरकारलाही हे डोळे महत्त्वाचे वाटत होतेच. पण मच्छीमाराकडे बघण्याच्या दोन तऱ्हा एकाच वेळी चालू राहिल्या. एका हाताने त्याला 'सागराचे कान-डोळे' म्हणायचे, दुसऱ्या हाताने त्याचा अंगठा घ्यायचा. बायोमेट्रिक ओळखपत्रे आली. राज्यागणिक बोटींचे रंग ठरले. नोंदणी ऑनलाइन झाली. 'सागर कवच' सरावात लाल गट किनाऱ्यावर घुसायचा प्रयत्न करतो आणि निळा गट त्याला पकडतो. तेव्हा दोन दिवस बंदराबंदरांवर नाकाबंदी लागते आणि मासळी घेऊन आलेली बोट कागदपत्रांसाठी खोळंबते. बर्फ वितळतो, तपासणाऱ्याच्या घड्याळात ते दिसत नाही. एखाद्या तांडेलाला विचारले तर तो सुरक्षेला विरोध करणार नाही. दरवेळी आपल्यालाच संशयित का धरतात, एवढेच तो विचारेल.

पोलिसांचीही दया येते. आयुष्यभर रस्त्यावर बंदोबस्त केलेला शिपाई सागरी ठाण्यात बदलून येतो. त्याला बोट लागते, पोट ढवळते. बोट चालवणारे तांत्रिक लोक कंत्राटी, इंजिन बिघडले की सुटा भाग यायला महिने, डिझेलचा कोटा ठरलेला. दुसऱ्या टप्प्यात एप्रिल २०११पासून आणखी १३१ ठाणी मंजूर झाली, पण बोट पाण्यात किती तास राहिली हा हिशेब ठाण्यांच्या संख्येइतका दिमाखात कधी छापला गेला नाही.

सगळी माहिती एका ठिकाणी आणायचे काम २३ नोव्हेंबर २०१४ला तडीस गेले. नव्यानेच संरक्षणमंत्री झालेल्या मनोहर पर्रीकरांनी गुरुग्रामला नौदलाच्या माहिती विश्लेषण केंद्राचे उद्घाटन केले. नौदलाची २० आणि तटरक्षक दलाची ३१ अशी ५१ ठिकाणे त्याला जोडलेली. रडारचे ठिपके, एआयएसच्या जबान्या, जहाजांच्या नोंदी, सगळे एकमेकांवर टाकून पाहायचे. जो ठिपका स्वतःचे नाव सांगत नाही किंवा एक नाव सांगून दुसऱ्याच वेगाने पळतो, तो बाजूला काढायचा. समुद्रकाठच्या गोव्यातून आलेल्या मंत्र्याने हरयाणातल्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात हे केंद्र सुरू करावे, ही गोष्ट विनोदी वाटते खरी. पण माहितीला खारा वारा लागत नाही, आणि मोठ्या व्यापारी जहाजांच्या बाबतीत या केंद्राने खरोखर काम केले. २०१८मध्ये तिथेच हिंदी महासागरातल्या मित्रदेशांसाठी दुसरे केंद्र जोडले गेले.

लहान बोटीचे कोडे मात्र तसेच राहिले. १८ ऑगस्ट २०२२ला, म्हणजे तटरक्षक दलाच्या कायद्याला नेमकी ४४ वर्षे झाली त्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस यॉट लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसे. तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. सबंध राज्यात सावधानतेचा इशारा गेला. संध्याकाळपर्यंत तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला, की बोटीचे नाव 'लेडी हान', मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची, जूनमध्ये मस्कतहून युरोपकडे जाताना इंजिन बिघडले, खलाशांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि बोट प्रवाहाबरोबर इकडे आली. घातपाताचा प्रकार नव्हता. पण ती प्रथम दिसली स्थानिकांना.

६ फेब्रुवारी २०२४ची गोष्ट तर थेट गेटवे ऑफ इंडियाच्या समोरची. तमिळनाडूचे तीन मच्छीमार कुवेतमध्ये मालकाच्या जाचाला कंटाळून त्याचीच बोट घेऊन निघाले. 'अब्दुल्ला शरीफ' नावाची ती बोट अरबी समुद्र ओलांडून मुंबईत पोहोचली, आणि तिला अडवले ते मुंबई पोलिसांच्या गस्तीनौकेने. बाहेरचे दोन्ही पदर, रडारसाखळीसकट, ती कुणाच्या नजरेला न येता ओलांडून आली होती. यातली चांगली बाजूही सांगायला हवी. २००८ला शेवटच्या पदरात कुणीच नव्हते, या वेळी निदान एक पोलीस बोट पाण्यात होती, तिच्या इंजिनात डिझेल होते आणि वरच्या माणसांनी हटकायचे कष्ट घेतले.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीबरोबर मासेमारी बोटींसाठी इस्रोने घडवलेल्या ट्रान्सपाँडरची योजना सुरू केली. देशभरात एक लाख बोटी, खर्च सुमारे ३६४ कोटी. जुन्या यंत्रांपेक्षा हे वेगळे आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी बोलते. मोबाइलचे टॉवर मागे राहिले तरी उपग्रहामार्फत वादळाचा इशारा बोटीवर पोहोचतो, आणि संकटात सापडलेला तांडेल तिथून निरोप पाठवू शकतो. बोट कुठे आहे हे सरकारला कळते आणि त्या बदल्यात तांडेलाला काहीतरी मिळते, असा व्यवहार या तीस वर्षांत क्वचितच झाला. त्या दिवशी व्यासपीठावर ज्या वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले, त्या बंदराला पालघर-डहाणूच्या मच्छीमारांचा वर्षानुवर्षांचा विरोध आहे. ट्रान्सपाँडर बसवायच्या बोटी त्यांच्याच.